मालमोटारवाल्यांची शाही मोटार

शेगाव (प्रतिनिधी) : शेगावच्या बसस्थानकावर अकोला, खामगाव किंवा बुलढाण्याकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहताना समोर उभ्या असलेल्या एसटीच्या तोंडावरचे नाव वाचण्याचा चाळा अनेकांनी केलेला असतो. टाटा आणि लेलँड ही दोन नावे तिथे वर्षानुवर्षे दिसत आली आहेत. श्री गजानन महाराजांच्या दर्शनासाठी येणारा भाविक ज्या बसमधून उतरतो तिच्यावर हे नाव असते आणि खामगावच्या महामार्गावरून सरकीची पोती घेऊन धडधडत जाणाऱ्या मालमोटारीवरही तेच. लेलँड म्हटले की आपल्यापुढे उभे राहते ते दणकट, ओबडधोबड, कष्टाळू वाहन. ऐषआरामाशी या नावाचा काही संबंध असेल, असे कोणाच्या मनातही येत नाही.

पण तसा संबंध एकदा आला होता. ज्या इंग्रज कंपनीकडून हे नाव भारतात आले, तिने १९२० मध्ये एक मोटारगाडी बांधली. ती साधीसुधी नव्हती. तिच्या नुसत्या चॅसिसची किंमत त्या काळच्या रोल्स-रॉइसच्या चॅसिसपेक्षा अधिक होती. 'लेलँड एट' हे तिचे नाव. तीन वर्षांत अशा अठराच्या आसपास गाड्या तयार झाल्या आणि प्रकरण मिटले. आज जगात त्यांपैकी एकच उरली आहे, आणि तीही कारखान्यातून त्या रूपात बाहेर पडलेली नाही. ती उरलीसुरली सुटी सामग्री जुळवून नंतर उभी केलेली आहे. मालमोटारी बांधणाऱ्यांनी असा उद्योग का केला, तो का फसला आणि फसूनही तो आजवर का आठवला जातो, हे समजून घेण्याजोगे आहे.

वाफेच्या गाडीपासून

इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात लेलँड नावाचे एक गाव आहे. तेथे १८९६ मध्ये जेम्स समनर आणि हेन्री स्परियर यांनी 'लँकेशायर स्टीम मोटर कंपनी' सुरू केली. त्यांचे पहिले वाहन वाफेवर चालणारी, दीड टन माल वाहणारी गाडी हे होते. पुढे पेट्रोलवर चालणाऱ्या मालमोटारी आल्या आणि १९०७ मध्ये कंपनीने गावाचेच नाव धारण केले. पहिल्या महायुद्धात तिने ब्रिटिश हवाई दलासाठी सुमारे सहा हजार मालमोटारी पुरवल्या. फ्रान्सच्या चिखलात चाललेल्या या गाड्यांनी कंपनीला नाव आणि पैसा दोन्ही मिळवून दिले.

युद्ध संपले आणि या यशाचीच अडचण झाली. लष्कराला नको असलेल्या मालमोटारी स्वस्तात बाजारात येऊ लागल्या. खिळखिळ्या झालेल्या या गाड्या कोणाच्याही हाती पडल्या तर आपले नाव खराब होईल, या धास्तीने कंपनीने आपल्याच जुन्या गाड्या मोठ्या संख्येने परत विकत घेतल्या आणि दुरुस्त करून पुन्हा विकायला काढल्या. नाव राखण्यासाठी उचललेले हे पाऊल तिजोरीला फार जड गेले. नेमक्या याच काळात कंपनीच्या मुख्य अभियंत्याला जगातली सर्वोत्तम मोटार बनवण्याचे काम मिळाले होते.

त्याचे नाव जॉन गॉडफ्रे पॅरी-थॉमस. १८८४ मध्ये वेल्समधील रेक्सम येथे जन्मलेला हा अभियंता मूळचा विजेच्या क्षेत्रातला. बस आणि ट्रामसाठी विद्युत-संप्रेषणाची पद्धत त्याने विकसित केली होती. रीड रेल्टन नावाचा एक तरुण अभियंता त्याचा सहायक होता. सामान्यतः अभियंत्याला आधी किंमत सांगितली जाते आणि मग तेवढ्यात बसेल ते बनवायला सांगतात. येथे उलटे झाले. खर्चाचा हिशेब बाजूला ठेवून जे उत्तम वाटेल ते करण्याची मोकळीक थॉमसला मिळाली. १९२० च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या ऑलिंपिया सभागृहातील मोटार प्रदर्शनात गाडीचे चॅसिस मांडले गेले, तेव्हा तिला 'ऑलिंपियाचा सिंह' अशी बिरुदावली मिळाली.

बॉनेटखाली काय होते?

नावातला 'एट' म्हणजे आठ सिलिंडर. हे आठही सिलिंडर एकामागोमाग एक, सरळ रेषेत बसवलेले होते. सिलिंडर जितके अधिक, तितके स्फोटांमधील अंतर कमी आणि इंजिनाची चाल तितकी सलग. चार सिलिंडरच्या इंजिनात चाकांना जे धक्के मिळतात, ते आठ सिलिंडरमध्ये एकमेकांत मिसळून जातात. मात्र रांग लांबली की आतला क्रँकशाफ्ट लांबतो, आणि लांब दांडा पिळवटण्याचा धोका वाढतो. म्हणूनच ब्रिटनमध्ये तोवर कोणी अशी गाडी विक्रीला आणली नव्हती. लेलँड एट ही तेथील पहिली. इंजिनाचा आकार सुरुवातीला ६,९६७ घनसेंटिमीटर होता, पुढे तो ७,२६६ झाला. आज आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या छोट्या मोटारींचे इंजिन हजार-बाराशेच्या आसपास असते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आकाराची कल्पना येते.

इंजिनात हवा-पेट्रोलचे मिश्रण आत घेणारी आणि जळालेला वायू बाहेर सोडणारी झडपे असतात. ती ठरावीक क्षणी उघडण्याचे काम कॅमशाफ्ट करतो. त्या काळी हा दांडा बहुधा इंजिनाच्या खालच्या अंगाला असे. थॉमसने तो सिलिंडरच्या डोक्यावर नेला. तेथवर गती पोचवण्यासाठी साखळी किंवा दातेरी चाकांची माळ वापरली तर ती आवाज करते. साखळी सैलही पडते. त्याने त्याऐवजी वाफेच्या इंजिनाची आठवण करून देणारे विकेंद्री चकत्यांचे दांडे योजले. त्यामुळे चाल शांत राहिली. काही वर्षांनी बेंटलीच्या साडेसहा लिटरच्या गाडीतही याच जातीची रचना दिसली.

झडप मिटण्यासाठी साधारणतः वेटोळ्याची स्प्रिंग वापरतात. थॉमसने तेथे पट्टीची स्प्रिंग बसवली. मालमोटारीच्या चाकांवर एकावर एक ठेवलेले पाटे आपण पाहतो, त्याचेच हे अगदी लहान रूप. वळणावर गाडी एका बाजूला कलू नये म्हणून पिळाच्या दांड्याचा उपयोग केलेला होता; आज 'टॉर्शन बार' या नावाने ही युक्ती सर्वपरिचित आहे. ब्रेकवरच्या पायाचा जोर वाढवण्यासाठी इंजिनात निर्माण होणाऱ्या निर्वाताची मदत घेतली होती. आज अनेक मोटारींचा ब्रेक हलक्या पायाने लागतो तो याच तत्त्वाने. इंजिन बंद असताना ब्रेक दाबून पाहिल्यास हा फरक कोणालाही जाणवेल.

सांगाडा एकाचा, साज दुसऱ्याचा

येथे आजच्या वाचकाला एक प्रश्न पडेल. प्रदर्शनात मांडले ते चॅसिस, किंमत सांगितली जाई ती चॅसिसची. मग उरलेली गाडी कुठे होती? त्या काळी उंची मोटारींची पद्धतच तशी होती. कारखाना फक्त सांगाडा, इंजिन, चाके आणि सुकाणू द्यायचा. गिऱ्हाईक तो सांगाडा घेऊन नामांकित बॉडी बांधणाऱ्याकडे जायचे. बंद गाडी हवी की उघडी, आसने किती, चामडे कोणत्या रंगाचे, शिकारीसाठी बंदुका ठेवायला जागा हवी का, हे सगळे तेथे ठरे. त्यामुळे एकाच चॅसिसवरच्या दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या तरी सारख्या दिसत नसत. त्या काळातील अनेक मोटारी 'जगात एकमेव' ठरतात, त्याचे कारण हे आहे.

ही पद्धत आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. महामार्गावर नुसत्या सांगाड्यावर, ना छप्पर ना दार अशा अवस्थेत, तोंडाला मफलर गुंडाळून चालक गाडी हाकत निघालेला असतो, ते दृश्य खामगाव-अकोला रस्त्यावरून जाणाऱ्यांनी अनेकदा पाहिले असेल. ती चॅसिस बॉडी बांधण्यासाठी कारागिराकडे चाललेली असते. मग लाकडी फळ्यांचा हौदा, रंगीत वेलबुट्टी, मालकाच्या कुलदैवताचे नाव आणि मागच्या बाजूचे एखादे सुभाषित, असा प्रत्येक गाडीचा साज वेगळा होतो. एसटीनेही हेच केले. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली ती बेडफर्डची. त्या पहिल्या काळातील गाड्यांच्या बॉडी लाकडी होत्या. पुढे दापोडी, औरंगाबादजवळचे चिकलठाणा आणि नागपूरजवळचे हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांत टाटा आणि लेलँडच्या चॅसिसवर लाल बॉडी चढवण्याचे काम वर्षानुवर्षे चालले. ही रीत आता मागे पडू लागली आहे. २०२४ मध्ये एसटीने अशोक लेलँडकडे दोन हजारांहून अधिक बसगाड्यांची मागणी नोंदवली, ती कारखान्यातूनच पूर्ण बांधून येणाऱ्या गाड्यांची.

सांगायचा मुद्दा असा की, चॅसिस विकण्यात लेलँडला नवे काही नव्हते. मालमोटारींचा तिचा व्यवहार तसाच चाले. फरक पडला तो गिऱ्हाइकात.

गिऱ्हाईक कुठे होते?

मालमोटार घेणारा मनुष्य हिशेबी असतो. ती किती माल नेते, किती तेल खाते, बिघडली तर सुटे भाग कोठे मिळतात, हे तो विचारतो. कंपनीला त्याची भाषा येत होती. शाही मोटार घेणारा मात्र नाव विकत घेतो. त्याच्या वडिलांनी रोल्स-रॉइस वापरलेली असते, शेजारचा उमराव डेमलर वापरतो, आणि दुरुस्तीसाठी त्या त्या कंपनीची माणसे हाकेला धावतात. अशा गिऱ्हाइकाने सरस यंत्र आहे म्हणून मालमोटारीचे नाव आपल्या दिवाणखान्यासमोर उभे करावे, ही अपेक्षाच धाडसाची होती. त्यात युद्धानंतरची तेजी ओसरून १९२१ मध्ये ब्रिटनमध्ये मंदी आली.

तरीही काही गाड्या खपल्या. ग्राहकांत पतियाळाच्या महाराजांचे नाव घेतले जाते. सर्वांत प्रसिद्ध झाली ती आयर्लंडमधील गाडी. आयरिश स्वातंत्र्यलढ्याचे नेते मायकेल कॉलिन्स २२ ऑगस्ट १९२२ रोजी कॉर्क परगण्यात दबा धरून झालेल्या हल्ल्यात मारले गेले, तेव्हा त्यांचा प्रवास लेलँड एटमधून चालला होता. आयर्लंडच्या इतिहासात या गाडीचे नाव राहिले ते असे.

कंपनीचा डोलारा सावरणे संचालकांना अधिक निकडीचे होते. १९२३ पर्यंत हा उद्योग गुंडाळण्यात आला आणि लेलँड पुन्हा मालमोटारी व बसगाड्यांकडे वळली. गाडीत दोष होता म्हणून ती बंद पडली असे म्हणता येत नाही. एवढे मोठे यंत्र विकायला लागते ती बाजारपेठ कंपनीजवळ नव्हती आणि ती तयार होईपर्यंत थांबण्याची ऐपत उरली नव्हती.

ब्रुकलँड्सची धावपट्टी

थॉमसने मात्र आपली गाडी सोडली नाही. लेलँडमधून बाहेर पडून तो इंग्लंडमधील ब्रुकलँड्स येथे राहायला गेला. १९०७ मध्ये बांधलेली, उतरत्या कडांची ही मोटार शर्यतींची धावपट्टी तेव्हा जगप्रसिद्ध होती. धावपट्टीच्या आवारातच त्याचे घर होते. लेलँड एटचे चॅसिस आणि इंजिन घेऊन त्याने 'लेलँड-थॉमस' ही शर्यतीची गाडी घडवली. १९२५ च्या जुलैमध्ये तेथे एक सामना झाला. समोर अर्नेस्ट एल्ड्रिजची फियाट होती. विमानाचे एकवीस लिटरहून मोठे इंजिन बसवलेल्या या गाडीने आदल्या वर्षी जमिनीवरील वेगाचा जागतिक विक्रम केला होता. थॉमसचे इंजिन तिच्या तृतीयांश आकाराचे. तीन फेऱ्यांचा तो सामना थॉमसने जिंकला. मालमोटारींच्या कारखान्यात जन्मलेल्या यंत्राची खरी परीक्षा दिवाणखान्यासमोर झाली नाही, ती येथे झाली.

पुढे विक्रमाच्या ओढीने त्याने विमानाचे सत्तावीस लिटरचे इंजिन असलेली एक जुनी गाडी विकत घेतली, तिला 'बॅब्स' असे नाव दिले आणि १९२६ च्या एप्रिलमध्ये वेल्सच्या पेंडाइन येथील वाळूवर ताशी १७१ मैल, म्हणजे सुमारे २७५ किलोमीटर वेगाने ती पळवून जागतिक विक्रम केला. १९२७ च्या फेब्रुवारीत माल्कम कॅम्पबेलने तो मोडला. तो परत मिळवण्याच्या प्रयत्नात ३ मार्च १९२७ रोजी त्याच वाळूवर थॉमसचा मृत्यू झाला. तेव्हा तो ४२ वर्षांचा होता. मोडलेली 'बॅब्स' तेथेच वाळूत पुरण्यात आली. १९६९ मध्ये ती उकरून काढून पुन्हा उभी करण्यात आली.

सुट्या भागांतून उभी राहिलेली

थॉमसच्या मागे त्याची ब्रुकलँड्स येथील कार्यशाळा त्याच्या सहकाऱ्यांनी 'थॉमसन अँड टेलर' या नावाने चालवली. रीड रेल्टनही तेथेच काम करू लागला. त्याने रचना केलेल्या गाडीतून जॉन कॉबने १९४७ मध्ये ताशी ३९४ मैलांचा विक्रम केला, हे येथे नोंदवायला हवे. लेलँड एटचे बरेचसे सुटे भाग या कार्यशाळेत शिल्लक होते. १९२९ मध्ये त्या भागांतून तेथे एक गाडी जुळवण्यात आली. मूळच्या गाड्या एकेक करून मोडीत निघाल्या आणि दोन आसनांची ही एकटी मागे राहिली. ती आज इंग्लंडमधील गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियमच्या संग्रहात आहे.

मग ही गाडी 'खरी' लेलँड एट म्हणायची का? प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. तिचा प्रत्येक महत्त्वाचा भाग लेलँडचा आहे, पण ती लेलँडने बांधलेली नाही. दुसरीकडे, ज्या गाड्या लेलँडने स्वतः बांधून लोकांच्या हाती दिल्या, त्यांतली एकही पाहायला मिळत नाही. जुन्या मोटारींच्या जगात अस्सलपणाला मोल असते, आणि या मोलामुळे वादही होतात.

आपल्याकडेही हा विषय आता कायद्यात आला आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून 'व्हिंटेज' वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे पूर्ण झालेली दुचाकी आणि चारचाकी वाहने यात येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आणि दहा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीचे ५ हजार रुपये आहे. नोंदणी क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात. चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नसावा, अशी अट आहे. प्रदर्शन, मेळावा, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठीच अशी गाडी रस्त्यावर आणता येते. घरातल्या जुन्या गाडीला नवे इंजिन आणि चकचकीत अंग देण्याची घाई करणाऱ्यांनी ही अट आधी वाचलेली बरी.

पुण्याचे उदाहरण

मालमोटारवाल्याने मोटार करू नये, असा निष्कर्ष यातून कोणी काढला तर त्याला पुण्याचे उत्तर आहे. टेल्को, म्हणजे पुढची टाटा मोटर्स, हीदेखील मालमोटारींसाठीच ओळखली जाणारी कंपनी. डेमलर-बेंझच्या सहकार्याने १९५४ पासून तिने मालमोटारी बनवल्या. डिसेंबर १९९८ मध्ये पिंपरीच्या कारखान्यातली 'इंडिका' बाजारात आली, तेव्हाही 'मालमोटारवाल्यांना हे कसे जमणार' अशी कुजबुज होती. पण प्रारंभीच लाखाहून अधिक लोकांनी पैसे भरून नोंदणी केली. पहिल्या गाड्यांबद्दल तक्रारी आल्या. कंपनीने त्या दूर करून २००१ मध्ये सुधारित गाडी आणली. मालमोटारीमुळे हातात असलेले डिझेल इंजिनाचे ज्ञान, काटकसरीची भाषा आणि गावोगावचे दुरुस्तीचे जाळे टाटांनी मध्यमवर्गीय कुटुंबाच्या गाडीसाठी वापरले. लेलँडने आपल्या कारागिरांचे कसब घेतले आणि गिऱ्हाईक मात्र सोडून दिले. दोन्ही प्रयत्नांतला फरक येथे आहे.

लेलँडच्या भारतीय शाखेचा प्रवास तर नेमका उलट्या दिशेने झाला. १९४८ मध्ये मद्रासला स्थापन झालेली 'अशोक मोटर्स' ऑस्टिन मोटारगाड्यांची जुळणी करत असे. नंतर लेलँडशी करार झाला, १९५५ मध्ये कंपनीचे नाव 'अशोक लेलँड' झाले आणि तिने मोटारी सोडून मालमोटारी धरल्या. विदर्भात भंडारा येथे तिचा कारखाना १९८२ मध्ये सुरू झाला. तेथे गिअरबॉक्स तयार होतात. खामगावातून जाणारा महामार्गच पुढे अकोला, अमरावती, नागपूर करत भंडाऱ्याला पोचतो. इंग्लंडमधील मूळ कंपनीने मात्र पुढे ट्रायम्फ, रोव्हर, ऑस्टिन अशा मोटार कंपन्या पोटात घेतल्या, त्या पेलल्या नाहीत आणि १९७५ मध्ये तिचे राष्ट्रीयीकरण करावे लागले. तिचा मालमोटारींचा भाग आज अमेरिकेतील पॅकार कंपनीकडे आहे.

लेलँड एट वाचली ती कोणा महाराजाच्या गॅरेजमध्ये नव्हे. कार्यशाळेतल्या माणसांनी सुटे भाग भंगारात न घालता जपून ठेवले, म्हणून ती उरली. आपल्याकडे जुन्या बसगाड्या आणि मालमोटारी मुदत संपली की तोडल्या जातात, आणि ते रास्तही आहे. रस्त्यावर धोकादायक वाहन नको. पण हाताने बॉडी बांधण्याची रीत संपत असताना, ज्या कार्यशाळांनी महाराष्ट्राला सत्तर वर्षांहून अधिक काळ प्रवास घडवला, त्यांचे साचे, आराखडे आणि एखादी तरी मूळ गाडी जपून ठेवण्याची हीच वेळ आहे. शेगावच्या स्थानकावर उभी असलेली लाल गाडी आज कोणाला दुर्मिळ वाटत नाही. १९२२ मध्ये लेलँड एटबद्दलही तिच्या मालकांना तसे वाटले नव्हते.